बोरी ते बंगालचा उपसागर : अणुपाणबुडीवरच्या नोकरीची अठरा नवलं

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरीहून समुद्र गाठायचा तर सरळ रेषेतही चारेकशे किलोमीटर पडतात. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तूर. पोहायला शिकायचं ते विहिरीत. अशा गावातल्या बारावीच्या मुलानं ‘मला अणुपाणबुडीवर अधिकारी व्हायचंय’ असं म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : अरे, समुद्र तरी पाहिलास का? उत्तर सोपं आहे. या निवडीत समुद्र पाहिलेला असण्याची अट कुठेच नाही. अट आहे ती गणित आणि भौतिकशास्त्राची, निकोप प्रकृतीची आणि डोकं थंड ठेवण्याची. शिवाय मराठवाडा आणि महाराष्ट्र या पाणबुड्यांच्या कहाणीत आधीपासूनच आहेत. कुठे कुठे आहेत, ते बघाच.

१. जगात जर्मनी, देशात परभणी!

ही म्हण परभणीकरांच्या तोंडी कायम असते. आपल्या नौदलाची ‘आयएनएस शिशुमार’ ही पाणबुडी त्याच जर्मनीत, कील बंदरात बांधली गेली आणि १९८६ मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्याच जातीची ‘शल्की’ मात्र मुंबईच्या माझगाव गोदीत तयार झाली आणि १९९२ मध्ये सेवेत आली. भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी. या दोन्ही डिझेल-विजेवर चालणाऱ्या. अणुशक्तीवरची बोट बांधायला आपल्याला आणखी बरीच वर्षं खपावं लागलं.

२. पाणबुडीची शाळा आपल्या पैठणच्या सातवाहनांच्या नावाची

पाणबुडीवर जाणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला विशाखापट्टणमच्या एका तळावर शिकायला जावं लागतं. १९७४ मध्ये सुरू झालेल्या या तळाचं नाव ‘आयएनएस सातवाहन’. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे गोदाकाठचं आपलं पैठण. जिंतूर तालुक्यात येलदरीला अडवलेली पूर्णा पुढे गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात उतरते. त्याच किनाऱ्यावर ही शाळा आहे. पाणी आधीच वाटेला लागलेलं आहे, पोरांनी फक्त मागोमाग निघायचं.

३. ‘अणुपाणबुडीवर पाहिजेत’ अशी जाहिरात निघत नाही

थेट भरती नाही, पायऱ्या आहेत. आधी कॅडेट, मग सब-लेफ्टनंट, मग जहाजांवरचं प्रशिक्षण. त्यानंतर ज्याची स्वतःची इच्छा असेल त्यानं पाणबुडी विभागासाठी पुढं यायचं. सातवाहनवर शिक्षण, मग प्रत्यक्ष पाणबुडीवर उमेदवारी, मग परीक्षा. साध्या पाणबुडीवर हात बसला की त्यातले निवडक अधिकारी अणुपाणबुडीकडे जातात आणि पुन्हा विद्यार्थी होतात. सब-लेफ्टनंटचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५६,१०० रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. तरी पैशापेक्षा चिकाटीचा हिशेब इथं मोठा आहे.

४. गणिताच्या एका प्रश्नाला ७५ सेकंद

पहिलं दार खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, म्हणजे एनडीएचं. केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो. वय साडेसोळा ते साडेएकोणीस आणि नौदलासाठी बारावीला गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हवंच. गणिताचा पेपर ३०० गुणांचा : १२० प्रश्न, अडीच तास. भागाकार करा, एका प्रश्नाला सव्वा मिनिट मिळतं. चुकलेल्या उत्तराला गुण कापले जातात, त्यामुळे ठोकताळे चालत नाहीत. सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची, त्यात २०० इंग्रजीचे. पुढच्या मुलाखतीला एकटीला ९०० गुण, म्हणजे लेखी परीक्षेइतकेच! मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीची धास्ती घेऊ नये, पण तयारी आठवीपासूनच करावी. गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदी दोन्हींत असते.

५. जेईईवरून थेट नौदलात

दुसऱ्या दाराची माहिती गावाकडे फारशी पोचलेली नाही. अभियांत्रिकीसाठी जेईई मेन देणाऱ्या मुलांना त्याच क्रमांकावर नौदलाच्या बी. टेक. कॅडेट योजनेत अर्ज करता येतो. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित मिळून ७० टक्के हवेत, तर दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के. वेगळी लेखी परीक्षा नाही, थेट मुलाखत मंडळ. निवड झाली की केरळातल्या एळिमला इथल्या भारतीय नौदल प्रबोधिनीत चार वर्षं बी. टेक. आणि शिक्षणाचा खर्च सरकारचा. ज्या घरात अभियांत्रिकीच्या फीसाठी जमीन गहाण टाकायचा विचार चालतो, त्या घरानं ही ओळ दोनदा वाचावी.

६. तयारी संभाजीनगरला, दहावीनंतर लगेच

मुलांना एनडीएसाठी तयार करणारी राज्य सरकारची सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आपल्या मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरला आहे. दहावी झालेल्या मुलांची निवड करून तिथं अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी करून घेतली जाते. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. एनडीएनं २०२२ मध्ये मुलींना दार उघडलं आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. म्हणून बोरीतल्या घरांनी दहावीच्या निकालाआधीच ‘आता कुठं घालायचं?’ ही चर्चा करताना या दोन संस्थांची नावं पहिल्यांदा काढावीत.

७. एक शब्द, पंधरा सेकंद

मुलाखत मंडळाची निवड पाच दिवस चालते. त्यातली एक चाचणी अशी : समोर पडद्यावर एक शब्द येतो. समजा, ‘अंधार’. पंधरा सेकंदांत मनात आलेलं वाक्य लिहायचं. लिहून होतंय न होतंय तोच दुसरा शब्द, समजा, ‘मित्र’. मग तिसरा, चौथा. असे साठ शब्द, मध्ये उसंत नाही. पहिली दहा-पंधरा वाक्यं क्लासमध्ये घोकलेली निघतात. पुढे मात्र हात खरं लिहायला लागतो आणि मानसशास्त्रज्ञाला तेच पाहायचं असतं. त्यानंतर साठ प्रसंग अर्ध्या तासात सोडवायचे. मैदानावर फळ्या, दोर, पिंप घेऊन गटानं अडथळे पार करायचे. ज्यानं चार जणांना धरून बैलगाडी चिखलातून काढली आहे, त्याला या मैदानाची भीती वाटायचं कारण नाही.

८. पुढचे पाय कापलेली खुर्ची

अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांचे जनक ॲडमिरल हायमन रिकओव्हर आपल्या अधिकाऱ्यांची मुलाखत जातीनं घेत. उमेदवाराच्या खुर्चीचे पुढचे पाय थोडे कापलेले असत. माणूस सारखा पुढे घसरायचा आणि तरी त्याला शांतपणे उत्तरं द्यावी लागायची. एकदा एका तरुण अधिकाऱ्याला त्यांनी विचारलं, नौदल अकादमीत कितवा आलास? तो अभिमानानं म्हणाला, ८२० जणांत ५९वा. शाबासकी मिळाली नाही. उलट विचारणा झाली की, तिथं तू आपलं सर्वस्व ओतलं होतंस का? तरुणानं प्रामाणिकपणे सांगितलं, दर वेळी नाही. रिकओव्हरनी फक्त ‘का नाही?’ एवढं विचारलं आणि खुर्ची फिरवली. तो तरुण होता जिमी कार्टर, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला. तो प्रश्न ते जन्मभर विसरले नाहीत.

९. परळीत कोळसा, पाण्याखाली युरेनियम

अणुपाणबुडी चालते कशी? परळीचं औष्णिक वीज केंद्र डोळ्यांपुढे आणा. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेनं चक्री म्हणजे टर्बाइन फिरवायची. अणुपाणबुडीतही वाफ आणि टर्बाइन तीच, उष्णता तेवढी युरेनियमच्या अणूंचं विभाजन होऊन मिळते. अणुभट्टीतलं पाणी प्रचंड दाबाखाली असल्यानं उकळत नाही. ते आपली उष्णता दुसऱ्या नळ्यांतल्या पाण्याला देतं आणि वाफ तिथं तयार होते. त्यामुळे किरणोत्सर्गी पाणी टर्बाइनपर्यंत येतच नाही. विशेष म्हणजे या सगळ्याला हवा लागत नाही. साध्या पाणबुडीला डिझेल इंजिन चालवून बॅटरी भरायला वर यावं लागतं, अणुपाणबुडीला ते बंधन नाही.

१०. भट्टी आधी जमिनीवर चालवली

आपल्या ‘अरिहंत’ या पहिल्या स्वदेशी अणुपाणबुडीची भट्टी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची कामगिरी. व्हीजेटीआयमधून यांत्रिकी अभियंता झालेल्या डॉ. अनिल काकोडकरांचा त्यात मोठा वाटा. मोठी अणुभट्टी बांधणं वेगळं आणि तीच आकसून बोटीच्या पोटात बसवणं वेगळं. बोट कलते, डुलते, वेग एकदम वाढवते, आणि भट्टीनं तरीही बिनबोभाट चालायचं असतं. म्हणून तामिळनाडूत कल्पाक्कमला जमिनीवरच या भट्टीचा नमुना बांधून चालवून पाहिला. २००९ मध्ये ही गोष्ट देशासमोर उघड झाली. पाणबुडीवर जाणाऱ्या नौसैनिकांचे हातही याच भट्टीवर तयार झाले.

११. सोलापूरचा माणूस, विशाखापट्टणमची गोदी

विशाखापट्टणमला जहाजबांधणीची पहिली आधुनिक गोदी काढली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. १९४१ मध्ये पायाभरणी झाली, तीच पुढे हिंदुस्थान शिपयार्ड झाली. त्याच वालचंदांनी इंदापूर तालुक्यात साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसवलं. तिथल्या कारखान्यात आज नौदलासाठी गिअरबॉक्स बनतात आणि अरिहंत पाणबुडीसाठीही ते तिथूनच गेले. उसाच्या पट्ट्यात घडलेली चाकं समुद्राच्या पोटात फिरतात.

१२. नारळ फोडला आणि बोट पाण्यात

२६ जुलै २००९, कारगिल विजय दिन. विशाखापट्टणमला तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या पत्नी गुरशरण कौर यांनी नारळ फोडून ‘अरिहंत’चं जलावतरण केलं. पाण्यात उतरली म्हणजे काम झालं असं मात्र नव्हे. तिची अणुभट्टी प्रत्यक्ष सुरू व्हायला ऑगस्ट २०१३ उजाडला आणि नौदलात दाखल व्हायला २०१६. शत्रूला धाक बसवणारी पहिली गस्त तिनं पूर्ण केल्याचं नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झालं. २९ ऑगस्ट २०२४ रोजी ‘अरिघात’ तिच्या जोडीला आली. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या असलेले देश जगात सहाच : अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स, चीन आणि भारत.

१३. आधी भाड्याची बोट, मग घरची

सायकल शिकायला आधी तासावर भाड्यानं आणतात, तसं आपल्या नौदलानंही केलं. सोव्हिएत संघाकडून भाड्यानं घेतलेली ‘चक्र’ ही अणुपाणबुडी जानेवारी १९८८ मध्ये आपल्या ताफ्यात आली, कॅप्टन रवींद्र गणेश यांच्या हाताखाली. तेव्हा नौदलप्रमुख होते ॲडमिरल जयंत नाडकर्णी. तीन वर्षांनी बोट परत गेली, पण ती चालवायला शिकलेली माणसं इथंच राहिली. दुसरी ‘चक्र’ रशियाकडून २०१२ मध्ये आली आणि २०२१ मध्ये परतली. अणुपाणबुडीवरचा अधिकारी घडायला कारखान्याइतकीच वर्षं लागतात, हे या दोन बोटींनी शिकवलं.

१४. महाराजांचं बेट पाण्याखाली

अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघंही अंगावर धावून आले. किल्ला उभा राहिलाच. त्याच नावाची ‘आयएनएस खांदेरी’ ही पाणबुडी २०१९ मध्ये नौदलात आली, माझगाव गोदीतच बांधलेली. अभियंता अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण होतं तो लोणावळ्याचा तळ तर ‘आयएनएस शिवाजी’च. १९४५ पासूनचा हा नौदलाचा तळ चक्क घाटमाथ्यावर आहे. अणु, जैविक आणि रासायनिक हल्ल्यात जहाज कसं वाचवायचं हे शिकवणारी ‘अभेद्य’ ही सुविधा २०१९ पासून तिथंच आहे. नौदलात जायचं म्हणजे आयुष्यभर किनाऱ्यावरच राहायचं, हा समज इथं मोडतो.

१५. हवा समुद्रातून, मर्यादा डब्यांची

अणुपाणबुडी समुद्राच्या पाण्याचं विघटन करून प्राणवायू मिळवते, त्याच पाण्यातून गोडं पाणी करते आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड यंत्रांनी काढून टाकते. इंधन वर्षानुवर्षं पुरतं. मग परतायचं कधी? अन्न संपत आलं की! निघताना भाजीपाला ताजा असतो. तो संपला की डबाबंद आणि गोठवलेल्या अन्नावर दिवस काढायचे. १९६० मध्ये अमेरिकेच्या ‘ट्रायटन’नं पाण्याखालून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा साठ दिवसांच्या वर लागले. आत सूर्य नाही, खिडकी नाही. दिवस मोजायचा तो पाळ्यांनी आणि जेवणाच्या वेळांनी. किरणोत्सर्गाची धास्ती घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट : प्रत्येकाच्या अंगावर त्याची मात्रा मोजणारा बिल्ला असतो आणि अवकाशातून आपल्या सगळ्यांवर सतत पडणारे किरण खोल पाण्यात फारसे पोचत नाहीत.

१६. औंढ्याची आणि समुद्राची शांतता

पाणबुडीचं खरं चिलखत म्हणजे शांतता. पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून वेगानं. पाना हातातून निसटून लोखंडावर आदळला, तरी दूरवरचे कान टवकारले जातात. म्हणून यंत्रं रबरी बैठकांवर बसवतात आणि पाण्यात कान देण्याचं शास्त्र, म्हणजे सोनार, अधिकाऱ्याला पक्कं यावं लागतं. कान देण्याचं असंच एक मोठं काम आता जिंतूरच्या शेजारी होतंय. औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ उभी राहतेय, जिला अंतराळातल्या गुरुत्वीय लहरी टिपायच्या आहेत. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथं जमीन थरथरता कामा नये आणि तिच्यामागेही तोच अणुऊर्जा विभाग आहे, ज्यानं पाणबुडीची भट्टी केली. बोरीच्या मुलांना भौतिकशास्त्र हाकेच्या अंतरावर आलंय.

१७. परभणीच्या गाडीच्या वाटेवरचा संदेशवाहक

खोल पाण्यात मोबाइल चालत नाही, साधा रेडिओही नाही. अगदी कमी वारंवारितेच्या लहरीच काही मीटर पाण्यात शिरतात, म्हणून पाणबुडीला निरोप द्यायला जमिनीवर अवाढव्य केंद्रं लागतात. पहिलं तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ, ‘आयएनएस कट्टबोम्मन’, १९९० पासून. दुसऱ्याची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात, दामगुंडमच्या जंगलात झाली. विकाराबाद म्हणजे परळी, लातूर रोड, बिदर करत हैदराबादला जाणाऱ्या गाडीचं आपल्या ओळखीचं जंक्शन! गस्तीवरच्या बोटीला निरोप ऐकता येतो, पण उत्तर द्यायचं नसतं, कारण बोललं की ठिकाण कळतं. ब्रिटिश नौदलात घरच्यांना आठवड्याला मोजक्या शब्दांचा निरोप धाडता येतो. उलट टपाल नाही. पाणबुडीवरच्याच्या आईला, बायकोलाही तेवढंच काळीज लागतं.

१८. छातीवरचे डॉल्फिन

पाणबुडीवर उमेदवारी करताना प्रत्येक नळी, प्रत्येक झडप, प्रत्येक कप्पा अंधारातही सापडला पाहिजे. वरिष्ठ बोटीत फिरवत तोंडी परीक्षा घेतात : इथं पाणी शिरलं तर पहिलं काय बंद करशील? उत्तीर्ण झाला की छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लागतो. संकटात बाहेर पडण्याचा सराव ‘विनेत्र’ या पाच मीटर उंचीच्या टाकीत होतो, जी सप्टेंबर २०२४ मध्ये सातवाहनवर सुरू झाली. खोल पाण्यात अडकलेल्यांना आणण्यासाठी नौदलाकडे बचाव पाणबुड्याही आहेत, एका फेरीत चौदा जणांना वर आणू शकणाऱ्या. ८ डिसेंबर हा या मंडळींचा दिवस, कारण १९६७ मध्ये त्याच तारखेला आपली पहिली पाणबुडी ‘कलवरी’ नौदलात आली.

बोरीतून पहिलं पाऊल

दहावीत असाल तर संभाजीनगर किंवा नाशिकच्या सेवापूर्व संस्थेची जाहिरात पाहा. अकरावीत असाल तर गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी रोज ठरवून करा, धावणं आणि पोहणं सोडू नका. बारावीत असाल तर एनडीए आणि जेईई दोन्हींचे अर्ज भरा, दोन्ही दारांतून नौदलात जाता येतं. मुलाखत मंडळानं एकदा नाकारलं, तरी पुन्हा अर्ज करता येतो, आणि अनेक अधिकारी तसेच गेले आहेत. शिक्षकांनी आणि पालकांनी एवढं करावं, की या दोन परीक्षांच्या तारखा शाळेच्या फळ्यावर लिहाव्यात आणि मुलाला फॉर्म भरायला सोबत न्यावं. परभणी जिल्ह्यात हुशारीची टंचाई कधीच नव्हती, अडलं ते माहितीवाचून. आता माहिती हाती आहे, पुढचा अर्ज बोरीतून गेला पाहिजे.